कोपराने पाणी बघताना

आज अकरावा दिवस.
दवाखान्याची पट्टी मनगटावर तशीच आहे, कापवत नाही.
तिच्यावर नाव नाही. सुकेशिनीचं बाळ, एवढंच,
आणि वेळ, आणि वजन.

डंडीत तीन वाजताच दिवे लागलेत.
टे नदीवरून धुकं वर आलंय, पलीकडचा काठ पुसून गेला.
न्हाणीघरात हीटर. निळा प्लास्टिकचा टब. चार बोटं पाणी.
मी कोपर बुडवतो.

हे कोपर पगारी आहे.
सहा वर्षं झाली, सकाळच्या पाळीला
मी म्हाताऱ्यांना अंघोळ घालतो.
गेडीस आजोबा, वय एक्याण्णव, तागाच्या गिरणीत जन्म गेला,
आता हाताची कातडी अशी, की घड्याळ काढतानाही सोलवटते.
पुसायचं नाही, टिपायचं.
हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं,
मी मान डोलावली, जणू पहिल्यांदाच ऐकतोय.

माझी आई दुसऱ्यांची बाळं न्हाऊ घालायची.
इचलकरंजीत, मागच्या दारानं आत जाऊन,
पाटावर बसून, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, पाय लांब.
तिच्या नडग्यांवर निम्मी गल्ली पालथी पडलेली.
टाळूवर तेल, अंगाला पीठ, शेवटी ओव्याची धुरी.
चाळीस दिवसांचे पैसे, एक खण, एक नारळ.
बारशाला बोलवायचे तिला,
भांडी जास्त असायची.
रात्री ती स्वतःच्या हातांच्या भेगांत कोकमाचं तेल भरायची,
दिव्याजवळ धरून, एकेक बोट.

मोराग बाई काल येऊन गेल्या, वजनकाटा घेऊन.
तेल नको, पीठ नको, पावडर तर नकोच.
उशिरा आलेलं बाळ आहे, कातडी सुटणारच,
घोट्याशी, मनगटाशी, सुटू द्या.
नुसतं पाणी.
बहिणीनं फोनवर साय आणि हळद सांगितली.
मी दोघींनाही हो म्हणालो.

टब बाळासाठी बनवलाय, त्याला पाठीला उतारही आहे,
पण ती त्यात घसरते, मुठी आवळते,
लाल होऊन किंचाळते,
आणि सुकेशिनी पलंगावरून विचारते, काय झालं, काय झालं,
टाके सांभाळत उठू बघते.

शेवटी मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.
मोठ्या, कोरड्या टबात उतरून बसलो, पाय लांब केले,
आणि तिला नडग्यांवर पालथं घातलं.
कुणी शिकवलं नव्हतं.
आई गेली तेव्हा मी इथे रात्रपाळीला होतो,
आणि बाळांच्या बाबतीत आम्ही कधी काही बोललोच नव्हतो.
पण पायांना ठाऊक होतं
दोन पायांत किती फट ठेवायची,
हनुवटी कुठे टेकेल,
पाणी कानामागून कसं न्यायचं.

ती गप्प झाली.
मग माझ्या पायावर मुतली, ऊन ऊन,
आणि मी हसलो तेव्हा नडग्या हलल्या,
तिनं मान उचलायचा प्रयत्न केला.

इथलं पाणी मऊ आहे.
आमच्या बोअरच्या पाण्याला फेसच यायचा नाही,
आई त्या पाण्याला शिव्या द्यायची.
हे पाणी तिला दाखवायचं राहिलं.

झालं गं झालं, झालं गं झालं,
माझ्या तोंडून आपोआप निघत होतं,
आईचंच ते, प्रत्येक तांब्याला एकदा.
गेडीस आजोबांनाही मी हेच म्हणतो,
डोक्यावर पाणी ओतताना.
अर्थ एकदाही विचारला नाही त्यांनी.
हल्ली डोळे मिटून तेच आधी म्हणतात,
'झाल्ला, झाल्ला',
म्हणजे मी घाई करू नये.

टॉवेलनं टिपलं. मानेच्या घडीत, काखेत, बोटांमध्ये.
घोट्याशी कातडीचा एक पापुद्रा सुटून आला,
तांदळाच्या कणीएवढा,
माझ्या तर्जनीवर चिकटला.

सुकेशिनी हाक मारतेय, आण की तिला, भूक लागली असेल.
येतो म्हणालो.
बोट तसंच वर धरून बसलोय.
पाण्यात सोडवत नाही,
आणि ठेवायचं तरी कुठे.